मुराळ्याची रबरी होडी

गोरख कांदे घेऊन नगरला गेला आणि येताना ताडपत्री घेऊन आला. निदान त्याला तरी तसे वाटत होते. लढाई संपून वर्ष होत आले होते आणि केडगावच्या माळावर लष्कराच्या उरलेल्या मालाचा लिलाव चालला होता. तिथे त्याला पिवळ्या जाड कापडाचे एक गाठोडे दिसले. कडब्याच्या गंजीवर टाकायला बरे, असा विचार करून त्याने बोली लावली आणि गाठोडे त्याच्या पदरात पडले.

घरी आल्यावर त्याने ते गोठ्यात उतरवले. गाठोड्यातून एक पितळी कडी लोंबत होती. लोंबणारी कडी दिसली की ओढायची, हा गोरखचा स्वभाव. त्याने ओढली.

पुढचे मी पाहिले नाही, फक्त ऐकले. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक शेराचे कुंपण आहे, तेवढेच. आधी मोठ्या नागासारखा फुसकारा आला, मग गोरखच्या आईची, छबूमावशींची किंकाळी, मग दावे तोडून त्यांची म्हैस आमच्या अंगणातून, वाळवणातून आणि शेवटी कुंपणातून निघून गेली. मी धावत गेले. गोरख कुडाला पाठ लावून उभा होता आणि गोठ्याच्या मधोमध एक पिवळे, गोल, गुबगुबीत कडे, बैलगाडीच्या चाकाहून मोठे, अजून फुगतच होते.

"कृपाताई," गोरख म्हणाला, "पुढं जाऊ नका. जित्तं हाय हे!"

मी मिशन शाळेच्या शांतवन मास्तरांची मुलगी. त्याच उन्हाळ्यात पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते. माझ्या पदवीचा गावाला आजवर झालेला उपयोग एवढाच, की इंग्रजी अक्षरे असलेली कोणतीही वस्तू आली की मला बोलावणे येई. मी कड्याभोवती फिरून छापलेले वाचले.

"होडी आहे. पाच माणसांची. विमान समुद्रात पडलं, तर आतल्या लोकांनी हिच्यात बसायचं."

"इमानात व्हडी?" छबूमावशींनी पदराने घाम पुसला. "आन् व्हडीत काय ठिवत्यात? बैलगाडी?"

होडीच्या पोटाला एक लोखंडी बाटली जोडलेली होती. तिच्यातल्या दाबलेल्या वायूने हा चमत्कार केला होता. तो कोणता वायू असेल, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मी घरून चुन्याची निवळी आणली, होडीच्या पितळी नळीची झडप दाबून थोडा वायू तिच्यात सोडला, आणि निवळी दुधासारखी पांढरी झाली. मी आनंदाने टाळी वाजवली.

"कर्बाम्ल वायू! आपण श्वास सोडतो ना, त्यात असतो तोच."

गोरखने बराच विचार केला. "म्हंजी गोऱ्या सायबानं आधीच फुकून ठिवलं हुतं?"

"तसंच समज."

"लई दम सायबाचा," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. पण छबूमावशी हसत नव्हत्या. त्या होडीकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"म्हंजी माझी रतन येती," त्या म्हणाल्या.

रतन त्यांची मुलगी, गोरखची धाकटी बहीण आणि माझी मैत्रीण. वैशाखात तिचे लग्न होऊन ती सांगवीला गेली होती. सांगवी म्हणजे प्रवरेचा पलीकडचा काठ. उन्हाळ्यात मुले गुडघाभर पाण्यातून तिकडच्या चिंचा पाडून आणतात. पण नदीला पाणी आले की सांगवी दिसते आणि हाती लागत नाही. पूर्वी गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून लोक पार होत. गावची ती काहील गेल्या वर्षी पुरात वाहून गेली. पुलावरून वळसा घालावा, तर मधल्या ओढ्यांनी रस्ता तोडलेला.

आणि नागपंचमी तोंडावर आली होती. नव्या नवरीची पहिली पंचमी माहेरी व्हायची असते. तिचा भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो. रतनच्या सासूने, बनुबाईने, लग्नाच्या मांडवातच सगळ्यांना ऐकवले होते : "पंचमीला मुराळी दारात आला तर पोरगी धाडीन. न्हाई आला तर दिवाळीपतुर नाव काढायचं न्हाई."

"फारच कडक बाई," मी म्हणाले.

"कडक न्हाई गं," छबूमावशी म्हणाल्या. "ती ह्याच गावची लेक, वरल्या आळीची. भाऊ वारला, घर मोडलं. तवापासनं तिला न्यायाला ह्या गावचं कुनी गेलं न्हाई. पंचमी आली की तिच्या पोटात दुखतं, दुसरं काय?"

त्या संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. पलीकडे रतन रोजच्यासारखी पाणी भरायला आली होती. हाक पोचत नाही एवढे पात्र. गोरखने होडीभोवतीचे पिवळे आवरण सोबत आणले होते, त्याचे एक टोक वर धरले. रतनने घागर खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि स्वतःभोवती गरागरा फिरली. म्हणजे भोवरा. तिची ती खूण होती. लहानपणी भोवऱ्यात तिला गावातल्या एकाही पोराने हरवले नव्हते. लग्नात रुखवताच्या सामानात तिने आपला भोवरा लपवला, छबूमावशींनी तो काढून घेतला, आणि त्यानंतर तो घरात कुणालाच सापडला नाही.

"येतो गं!" गोरख ओरडला. तिला ऐकू गेले नाही, पण ती आणखी एकदा फिरली.

सकाळी होडी गोठ्यात मलूल होऊन पडली होती. कड्याला सुरकुत्या आल्या होत्या.

"मेली," गोरख म्हणाला.

"मेली नाही. पंक्चर आहे."

मी रिठे भिजवून फेस केला, लोहाराचा भाता आणवून होडी पुन्हा फुगवली आणि सगळीकडे फेस फासला. जिथून हवा जात होती तिथे छोटे छोटे बुडबुडे वर येऊ लागले. अशी दोन ठिकाणे सापडली. बाबांची सायकल गावातली एकमेव, त्यामुळे पंक्चरचे सामानही गावात एकाच घरी. मी ते आणले.

"सगळं सोल्युशन संपव," बाबा म्हणाले, "म्हणजे रविवारी मी शेजारच्या गावात उपासनेला रांगत जातो. लोकांना वाटेल, मास्तरांची भक्ती वाढली."

काम सोपे आहे, पण घाई चालत नाही. हवा सोडून भोकाभोवतीचा भाग खरडायचा, पूर्ण कोरडा करायचा. जुन्या ट्यूबचे गोल ठिगळ कापायचे, कोपरे ठेवायचे नाहीत, कारण कोपरा आधी उचकटतो. दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि ते बोटाला चिकटण्याइतके सुकेपर्यंत गप्प बसायचे. हे गप्प बसणे गोरखला फार जड गेले. मग ठिगळ दाबून बसवायचे आणि वरून रांगोळीतले संगजिरे चोळायचे, म्हणजे घडीला घडी चिकटत नाही.

दुपारी आम्ही ती डोहात सोडली. गोरखने आत उडी मारली, होडी एका बाजूने खाली गेली, दुसऱ्या बाजूने वर आली आणि गोरख पलीकडून बाहेर पडला. काठावरचे लोक इतके हसले की आप्पासाहेब, गोरखचे गंभीर वडील, तोंडावर उपरणे धरून घरी निघून गेले. पण हवा एक बुडबुडाभरही गेली नाही.

"आता हिला जपायचं," मी गोरखला बजावले. "सावलीत ठेव. उंदरांपासून सांभाळ. रोज हात फिरवून बघ."

"पोटच्या पोरीगत जपतो," तो म्हणाला.

आणि त्याने शब्द पाळला. चार-दोन दिवसांनी मी बघायला गेले, तर होडी तालमीतल्या पैलवानासारखी चकाकत होती. मी बोट लावले. बोट घसरले.

"गोरख, हे काय लावलंयस?"

"एरंडेल," तो अभिमानाने म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. चांगलं जिरवलंय."

"रबराला तेल?"

"आता घ्या!" छबूमावशी मधे पडल्या. "इहिरीवरच्या मोटंला तेल न्हाई पाजलं तर चामडं तडकतं. तेल पाजलं की मोट दहा वर्सं जाती. ही बी मोटच की. पानी आत ठिवायच्या ऐवजी भायेर ठिवती, एवढाच फरक."

व्याख्या म्हणून ती बरोबर होती. पण दोन्ही ठिगळे तेलावरून सरकून, ओल्या साबणासारखी खाली घसरली होती. आणि तेलाने रबर फुगून मऊ पडते, हे मी पुस्तकात वाचले होते. म्हणजे होडीच गेली. रतनची पंचमी गेली.

"तुमी रागावलात का?" गोरखने विचारले.

"मी घाबरले आहे," मी म्हणाले. "त्यामुळे रागावल्यासारखी दिसते."

मग मनात आले, पुस्तकात 'तेल' म्हटले होते, कोणते ते कुठे म्हटले होते? मी जुन्या ट्यूबच्या सारख्या पट्ट्या कापल्या. एक शेंगदाण्याच्या तेलात टाकली, एक करंजाच्या आणि एक एरंडेलात. दुसऱ्या दिवशी पट्ट्या बाहेर काढल्या. शेंगदाण्याची फुगली होती, करंजाचीही. एरंडेलातली होती तेवढीच होती, ताणली तर तशीच ताणली जात होती. मी ती पट्टी हातात नाचवत कुंपणातून, म्हशीने केलेल्या वाटेने, पलीकडे गेले.

"एरंडेलानं काही होत नाही! गोरख, तू नशीबवान गाढव आहेस! करंजाचं लावलं असतंस तर संपलं होतं!"

"करंजाचंच लावनार हुतो," गोरख म्हणाला. "संपलं हुतं."

मग मी, गोरख आणि छबूमावशी अशा तिघांनी राख, रिठे आणि कोमट पाणी घेऊन होडीला तीन वेळा न्हाऊ घातले, पुसले, वाळवले आणि नवी ठिगळे लावली. या वेळी गोरख गप्प बसला.

नदी मात्र ऐकेना. पंचमीच्या आदल्या दिवशी जायचे, तर त्याच दिवशी पाणी दुथडी. पंचमी उजाडली तेव्हा कुठे ते उतरले. पण वर राजूरकडे आभाळ काळे होते. तिकडचा पाऊस संध्याकाळपर्यंत आमच्याकडे उतरणार, हे इथे लहान मुलालाही कळते. जायचे आणि यायचे ते तेवढ्यातच.

मी बाभळीची काटकी प्रवाहात टाकून वेग काढला होता. होडी आडवी किती वेगाने जाईल ते धरून, सांगवीच्या घाटासमोर लागायला किती वरून निघायचे ते काढले होते. पोहता येत नाही म्हणून कमरेला सुक्या भोपळ्यांची सांगड बांधली. वल्ही म्हणून छबूमावशींची आणि आमच्या घरची, अशी कपडे धुवायची दोन धोपाटणी घेतली. गोरखने नवा फेटा बांधला. मी कातर, ट्यूबचा मोठा तुकडा आणि उरलेले सोल्युशन पिशवीत टाकले आणि आम्ही निघालो.

माझ्या गणितात एक गोष्ट नव्हती. होडी गोल होती. गोल वस्तूला पुढचे टोक नसते.

डावीकडून गोरखने एक फटका मारला, उजवीकडून मी एक मारला. पण गोरखचा फटका हा वखर ओढणाऱ्या हाताचा होता आणि माझा परीक्षानळी धरणाऱ्या हाताचा. होडीने ठरवून टाकले की आता फिरायचे. समोर सांगवी आली. मग वरची बाभळीची राई. मग आमचे गाव आणि काठावर हात जोडून उभ्या छबूमावशी. मग पुन्हा सांगवी.

"सांगवी आली!" गोरख ओरडला.

"गेली!"

"पुन्यांदा आली!"

"मार ना मग!"

"कुठं मारू? मारेपतुर आपलंच गाव येतंय!"

मला हसू फुटले. हसताना धोपाटणे धरवत नाही, त्यामुळे होडी आणखी जोरात फिरू लागली. नदी, आभाळ, गाव, फेटा, सगळे एकाच भोवऱ्यात. गोरख सुरुवातीला रागावला, मग तोही हसू लागला, आणि आम्ही दोघे असे खिदळत, गरगरत, माझ्या गणिताला बगल देऊन, सांगवीच्या घाटाखालून पुढे गेलो. काठाने रतन आमच्या बरोबर पळत होती. तिच्या मागे कुत्री, कुत्र्यांच्या मागे पोरे.

शेवटी एका वळणावर होडी काठाला लागली. लागली ती तोडलेल्या बाभळीच्या खुंटाला. मला तो फुसकारा ओळखीचा वाटला.

गोरखने होडी ओढून वर घेतली. अंगठ्याएवढे भोक होते आणि हवा भसाभसा जात होती. तिथे चिखल. वाळवायला जागा नाही. गोरखने होडी डोक्यावर घेतली आणि आम्ही सांगवीची वाट धरली. वाटेत होडी खाली खाली बसत गेली. गाव आले तेव्हा गोरख कमरेपर्यंत पिवळ्या कापडात गेला होता.

"मुराळी आला म्हनं," पारावरून कुणीतरी म्हणाले. "का नुसताच आंतरपाट आला?"

बनुबाई दारात उभी होती. उंच, वाळलेली, कपाळावर आडवे कुंकू. तिने होडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, माझ्या कमरेच्या भोपळ्यांकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"मुराळी कुठं हाय?"

"ह्यो काय," कापडातून आवाज आला. "खाली हाय, आत्या!"

रतन मागे उभी राहून तोंडात पदर कोंबत होती.

"आलास," बनुबाई म्हणाली. "दारात आलास. बोलले तसं पोरगी धाडते. पर ह्या फाटक्या मोटंतून न्हाई. सून बुडवायची हाय का मला?"

"आत्ता नीट करते," मी म्हणाले. "सोल्युशन सुकलं की निघू." मी पिशवी उघडली, ट्यूबचा तुकडा काढला आणि कातर काढली.

"ठिव ती!"

मी दचकले.

"आज पंचमी हाय. आज कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, खनायचं न्हाई. तवा बी चढवला न्हाई मी. दिंड उकडलेत. आन् माझ्या अंगनात कातर?"

मला ते माहीत होते. लहानपणापासून दर पंचमीला छबूमावशी सुरी-विळी माळ्यावर टाकत. आणि तरी मी ठिगळे आदल्या दिवशी कापून ठेवली नव्हती. पट्ट्या कापल्या होत्या, वेग काढला होता, कोन काढला होता. ठिगळ कापले नव्हते.

"बनुमावशी, मी ख्रिस्ती आहे," मी म्हणून पाहिले. "मला चालतं."

"तुला चालतं गं बाय. अंगन कुनाचं हाय?"

"अंगणाबाहेर जाते."

"शिवार बी आमचंच हाय."

गोरखने ट्यूब घेतली आणि दातात धरली.

"दातानं तोडलं तरी तोडलंच," बनुबाई म्हणाली. ती रागावली नव्हती, फक्त ठाम होती. "उद्या कापा. सुकू द्या. पाव्हनं रहा, दिंड खा."

"उद्या पंचमी न्हाई," रतन पहिल्यांदाच बोलली. तिच्या हसण्याचा मागमूस नव्हता. वर राजूरकडचे ढग आता जवळ आले होते. आजचा दिवस गेला की दिवाळी.

मी भोकाकडे बघत बसले. होडीतल्या हवेचा दाब फार नसतो, बाहेरच्यापेक्षा थोडासाच जास्त. म्हणजे चिकटवायलाच हवे असे नाही. बूच चालेल. पण सरळ बूच सटकेल. खाली निमुळते, वर जाड असे हवे, म्हणजे आत जाईल तसे घट्ट बसेल. आणि त्याला आट्या असल्या तर रबर आटीत बसून धरून ठेवेल. निमुळते, लाकडी, आट्यांचे...

मी रतनकडे पाहिले. दोन्ही हात डोक्यावर जोडले आणि उभ्या जागी एकदा गरकन फिरले.

रतनचे डोळे मोठे झाले. तिने सासूकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले आणि आत पळाली. पेटीचे झाकण वाजले. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत भोवरा होता.

"अगं बया," बनुबाई म्हणाली. "सून केलीय का उनाड कारटं?" तिने भोवरा रतनच्या हातातून घेतला. उलटा केला. टोकाची लोखंडी आरी अंगठ्याने चाचपली. मग जरा थांबून म्हणाली, "आरी आपल्या लोव्हाराची हाय. म्हाताऱ्याची. असं डोकं तोच ठोकायचा."

'आपल्या' म्हणजे आमच्या गावच्या. ते तिच्याही लक्षात आले असावे, कारण तिने भोवरा घाईने माझ्या हातात दिला.

"ह्यात कापनं न्हाई, चिरनं न्हाई," ती स्वतःशी हिशेब करत म्हणाली. "भोक आधीच हाय. घाल."

मी भोवरा भोकात धरून पिळत पिळत आत बसवला. एक आटी गेली, दुसरी गेली, रबराने तिसरी पकडली.

"तेल लावू का?" गोरखने विचारले.

"नको!" मी आणि रतन एकदमच ओरडलो.

आता हवा. भाता पलीकडे राहिला होता. मी पितळी नळीला तोंड लावून फुंकू लागले. आतल्या झडपेमुळे गेलेली हवा परत येत नव्हती. पण माझ्याने थोडेच झाले आणि अंगण हलायला लागले. मग गोरखने जोर लावला. तो फेट्यासकट मटकन खाली बसला.

"ताई, घर फिरतंय."

"भराभरा फुंकलं की असंच होतं. रक्तातला कर्बाम्ल वायू कमी होतो. त्या दिवशी सांगितलेला..."

"गोऱ्या सायबाचा," तो म्हणाला आणि आडवा झाला.

रतनने फुंकले, ती हसत हसत तुळशीला धरून राहिली. तिचे सासरे कारभारी यांनी फुंकले आणि बराच वेळ ते कुणालाच ओळखेनात. शेजारच्या बायका आल्या, एकेक फुंकून एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या. अंगणात जणू सगळ्यांनी झोका घेतला होता.

"सरा," बनुबाई म्हणाली. ती आतून चुलीची फुंकणी घेऊन आली. ओले फडके गुंडाळून तिने फुंकणीचे टोक नळीला जोडले, मांडी घातली आणि फुंकू लागली. घाई नाही, जोर नाही. एक लांब फुंकर, मग नाकाने एक सावकाश श्वास. ओली लाकडे पेटवायची तिची रोजची रीत. पिवळे कडे उठू लागले, सुरकुत्या गेल्या, टमटमीत झाले. ती उठली तेव्हा तिच्या कपाळावरचे कुंकूसुद्धा हलले नव्हते.

मी भोवऱ्याभोवती पाणी ओतले. एक बारीक बुडबुडा आला. थोड्या वेळाने दुसरा.

"थोडी हवा जातेय," मी म्हणाले. "वाटेत कुणीतरी फुंकत राहायला हवं. गोरख आणि मी वल्हवणार. रतन भोवरा दाबून धरेल. फुंकायला..."

सगळ्यांनी बनुबाईकडे पाहिले. बनुबाईने हातातल्या फुंकणीकडे पाहिले.

"मी? आन् चूल?"

"चूल मी बघतो," कारभारी भिंतीला धरून म्हणाले. "आज तवा बी न्हाई. करपायला हाय काय?"

"मी कशी येनार? मला न्यायाला कोन आलंय?"

तिने हे हसत म्हटले होते, पण वाक्य संपता संपता ते हसू तिच्या हातून निसटले. गोरख उठला. अजून त्याचा तोल जात होता. त्याने फेटा सारखा केला, पुढे होऊन वाकला आणि तिच्या पायाला हात लावला.

"आत्या, तुमी आमच्या गावच्या लेकी. मुराळी दारात उभा हाय. एका मुराळ्यानं दोघी न्यायच्या न्हाईत, असं कुठं हाय?"

बनुबाई आत गेली. इतका वेळ आली नाही की मला वाटले, आपण दुखावले हिला. मग ती आली. हिरवे लुगडे नेसली होती, काखेत गाठोडे होते, हातात फुंकणी होती.

"चला," ती म्हणाली. "ढग बघा की वरचे. हुबे काय ऱ्हायलात?"

या वेळी आम्ही बरेच वरून निघालो. होडी फिरली ती फिरलीच. मी गणित सोडून दिले आणि फक्त आमचे गाव समोर आले की जोरात मारायचे, एवढा एकच नियम धरला. तो गणितापेक्षा बरा चालला. रतन दोन्ही हातांनी भोवरा दाबून बसली होती आणि तिच्याकडून ओरडण्याखेरीज दुसरे काही होत नव्हते. बनुबाई फुंकत होती. दोन फेऱ्या तिने नीट फुंकले. तिसऱ्या फेरीला फुंकणीतून भलताच आवाज आला. पाहते तर ती हसत होती. फुंकणी तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि हसणे फुंकणीतून होडीत जात होते.

"आत्याबाई, फुका ना!" रतन ओरडली. "बुडतोय आपन!"

"थांब गं! ती बघ वरली आळी! गेली बघ! आता पुन्यांदा येईल!"

काठावर छबूमावशी कमरेएवढ्या पाण्यात आल्या होत्या. त्यांनी होडीचा दोर धरला, रतनला कवटाळले, मग तिच्या मागे हिरवे लुगडे दिसले आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"बने?" त्या म्हणाल्या. "तू?"

"तुझा पोरगा धरून घिऊन आला," बनुबाई म्हणाली. "सोडंचना."

बाबा काठावर छत्री घेऊन उभे होते. माझे भोपळे सोडताना ते म्हणाले, "पाण्यावरून चालल्याचं पवित्र शास्त्रात आहे, कृपे. गोल गोल फिरल्याचं कुठे वाचल्याचं आठवत नाही."

मागे नदीला पाणी चढू लागले होते. संध्याकाळी वरल्या आळीच्या लिंबावर झोका होता. रतनने घेतला, मी घेतला, आणि मग बनुबाईला बसवले. दोघी बायका दोन बाजूंनी ढकलत होत्या आणि ती 'पुरे गं, पुरे' म्हणत होती आणि पाय आखडून आणखी उंच जात होती. होडी खाली झाडाच्या बुंध्याशी, पोटात भोवरा घेऊन पडली होती. भोवरा काढल्याशिवाय हवा सोडायची नव्हती, आरी आतून दुसरे भोक पाडील म्हणून.

गोरख झोक्याखाली उभा राहून वर बघत होता. "आत्या," त्याने हाक मारली, "परत कधी सोडू तुमाला?"

झोका वर गेला, हिरवे लुगडे फडफडले, आणि खाली येताना उत्तर आले :

"पानी उतरू दे की! आन् त्या मास्तराच्या पोरीला सांग, भोक नीट बुजीव म्हनावं. सोलुशन सावकाश सुकू दे. घाई करू नगं!"